पाठांतराची कटकट? शब्दांचे झाड काढा!

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. चौथीतली माझी भाची वही पुढ्यात घेऊन डोळे पुसत बसली होती. दुसऱ्या दिवशी शब्दांची चाचणी होती. वहीत चाळीस शब्द एकाखाली एक उतरवलेले. तांबे, वाघ, नीलम, मेथी, संगमरवर, हरीण... ताई म्हणत होती, ‘‘पुन्हा पहिल्यापासून म्हण.’’ पोरगी पंधरापर्यंत यायची, सोळावा शब्द सांगितला की आधीचे चार गळायचे. शेवटी वही मिटून म्हणाली, ‘‘मी ढच आहे!’’

दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडून हे ऐकले आणि मी जुन्या कॅलेंडरचे पान फाडून त्याची कोरी बाजू वर केली. वर मधोमध लिहिले ‘जमिनीतून निघणारे’. खाली दोन फांद्या, ‘धातू’ आणि ‘दगड’. ‘‘आता वहीतले शब्द तूच बसव,’’ म्हटले. तांबे, लोखंड, शिसे एकीकडे गेले. दगडांच्या फांदीवर नीलम, पाचू आणि संगमरवर आल्यावर ती थांबली. ‘‘मावशी, हे अंगठीतले आणि हे फरशीतले. वेगळे करू?’’ झाले, आणखी दोन डहाळ्या फुटल्या! अर्ध्या तासात प्राण्यांचे आणि भाज्यांचे झाडही उभे राहिले आणि ती झोपायला गेली.

यात माझे डोके काही नाही. शब्दांचे असे उलटे झाड, म्हणजे बुंधा वर आणि फांद्या खाली, शिक्षक वर्गात काढतात. त्याला ‘ट्री मॅप’ म्हणतात. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड हायर्ली यांनी १९८८ मध्ये विचार मांडण्यासाठी आठ आकृत्यांचा संच तयार केला, त्यातली वर्गवारीची आकृती ती हीच.

ती उपयोगी का पडते, याचे उत्तर त्याहून जुने आहे. १९६९ मध्ये गॉर्डन बॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. ११२ शब्द चार झाडांवर मांडून कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दाखवले. त्यातल्या एका झाडावर खनिजेच होती. दुसऱ्या गटाला तेच शब्द, तशाच झाडांवर, पण वाटेल तसे मिसळून दाखवले. पहिल्याच फेरीत पहिल्या गटाला सुमारे ६५ टक्के शब्द आठवले, दुसऱ्याला जेमतेम १९ टक्के. कारण साधे आहे. ‘धातू’ आठवले की त्याचा हात धरून तांबे, लोखंड येतात. यादीत मात्र सोळाव्या शब्दाचा पंधराव्याशी काही संबंधच नसतो.

आपल्याकडेही हे नवे नाही. पाठशाळेतली मुले जो अमरकोश घोकत, त्याची रचना तीन कांडांत आणि पुढे वर्गांत आहे. वनस्पतींचा वनौषधिवर्ग, प्राण्यांचा सिंहादिवर्ग, माणसांचा मनुष्यवर्ग. शिवाजी महाराजांनी करवून घेतलेल्या राज्यव्यवहारकोशातही किल्ल्यांचे शब्द दुर्गवर्गात आणि हत्यारांचे शस्त्रवर्गात आहेत. घोकंपट्टीला आपण नावे ठेवतो, पण ती घोकंपट्टीसुद्धा वर्गवार होती!

स्वयंपाकघरातले झाड

चाचणीत चाळीसपैकी चौतीस शब्द आले. पण खरी मजा रविवारी आली. भाची म्हणाली, ‘‘आता आपल्या भांड्यांचे करू.’’ कापायची, वाटायची, ढवळायची, गाळायची अशा फांद्या तिनेच ठरवल्या. विळी, किसणी, खलबत्ता, पळी, चाळणी भराभर जागेवर बसली. सांडशीसाठी तिने स्वतंत्र फांदी काढली, ‘हात भाजू नये म्हणून’. ताई लगेच म्हणाली, ‘‘असे नसते काही, ‘पकडायची’ लिही.’’ मी ताईला डोळ्यांनी दटावले. आयांची नेमकी हीच चूक होते. फांद्यांची नावे आपण सांगितली, की मूल फक्त रकाने भरते. विचार करण्याचे काम आपणच उरकून टाकलेले असते.

मग झाऱ्यावरून वाद झाला. पुऱ्या उलटायच्या म्हणून तो पळीशेजारी, की तेल निथळायचे म्हणून चाळणीशेजारी? असा वाद झाला तर निकाल द्यायची घाई करू नका. टोमॅटो फळ की भाजी, वटवाघूळ पक्षी की प्राणी, यावर मूल दहा मिनिटे भांडले, की तो शब्द ते सहसा विसरत नाही. एवढे मात्र खरे, की पाढे आणि कविता यांना हे झाड उपयोगाचे नाही, ते म्हणूनच पाठ करावे लागतात. आणि एका झाडाला चार-पाच फांद्या पुरेत. त्याहून जास्त झाल्या तर पुन्हा यादीच होते.

एवढ्यात आजी आतून म्हणाल्या, ‘‘रोवळी कुठे लिहिलीस गं?’’ भाचीने माझ्याकडे पाहिले, मी ताईकडे. तांदूळ धुवायची ती बांबूची टोपली घरात कुणी बारा वर्षांत वापरली नव्हती. आजींनी माळ्यावरून काढायला लावली. धूळ झटकून भाचीने तिची भोके पाहिली आणि ‘गाळायची’च्या फांदीवर लिहिले ‘रोवळी’, शेजारी कंसात ‘आजीची’.

ते पान अजून फ्रिजवर चिकटवलेले आहे. झाऱ्याला दोन फांद्यांवरून दोन रेघा गेल्या आहेत.