छऱ्याची जुनी बंदूक पारखताना

हैदराबादेत वाढलेल्या गगन नारंग यांनी २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये १० मीटर नेमबाजीत कांस्यपदक मिळविले, ते हवेच्या बंदुकीवर. चिटगुप्प्यासारख्या गावी मुलाला ही आवड लागली, तर पालकांनी प्रथम वापरलेली बंदूक शोधावी, हे रास्तच आहे. परंतु जुन्या व नव्या बनावटीतील भेद आधी जाणून घ्यावा.

नळी मोडली की स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच सुटलेला दट्ट्या हवा दाबतो आणि ती हवा छऱ्यास पुढे लोटते. जुन्या बनावटीत दट्ट्याच्या तोंडाशी बहुधा चामड्याची वाटी असते. ती सुकली की हवा निसटते व जोर घटतो. मात्र थोड्या तेलाने ती पुष्कळदा सुधारते, आणि कुशल कारागीर नवीही कापून देतो. नवी वाटी कृत्रिम द्रव्याची असते. तिला तेल फारसे लागत नाही. पण ती फाटल्यास त्याच मापाची मिळवावी लागते. तेव्हा जुने ते टाकाऊ आणि नवे ते टिकाऊ, असा ढोबळ निर्णय करू नये.

नळीचा सांधा डुगडुगतो काय, हे पाहावे. टेकू देऊन १० मीटरवरून पाच छरे मारावेत. ते विखुरले तर सौदा सोडावा. छरा भरताना नळी हाताने घट्ट धरावी. झिजलेला चाप अवचित सुटला, तर बोटे चिरडतात. असा चाप असलेली बंदूक फुकट मिळाली तरी घेऊ नये.

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या बंदुकीस परवाना लागत नाही. तथापि तिचा नेम कागदी लक्ष्यावरच असावा, पाखरांवर नव्हे.