पाच वॅटचा लेझर, सात मिलिमीटरची बाहुली

डोळ्यात लेझर गेला तर किती चालेल? उत्तर आहे 1 मिलिवॅट. झगमगाटाने पापणी मिटायला साधारण पाव सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात दिसणाऱ्या रंगाचा एवढा झोत आत गेला तरी डोळ्याचा पडदा सहसा शाबूत राहतो.

आता मिरवणुकीचा हिशेब मांडू. ट्रकवर 5 वॅटचा लेझर आहे आणि त्याचा झोत दर मीटरला 1 मिलिमीटर पसरतो असे धरा. 50 मीटरवर तो जेमतेम 5 सेंटिमीटर रुंद होतो. अंधारात बाहुली 7 मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणजे झोताचा पन्नासावा हिस्सा, 100 मिलिवॅट, सरळ आत. मर्यादेच्या शंभरपट! त्यावर डोळ्याचे भिंग हा प्रकाश मिलिमीटरच्या काही शतांशाएवढ्या ठिपक्यावर गोळा करते आणि तीव्रता लाखपटीच्या घरात जाते. फिरता झोत बाहुलीवर क्षणभरच टिकतो हे खरे, पण तो गर्दीवर रोखलेला असला की ही सवलतही संपते.

जुलै 2008 मध्ये रशियातल्या व्लादिमीर प्रांतात खुल्या मैदानावरच्या संगीत महोत्सवात हेच झाले. पाऊस आला, वर तंबू ताणले गेले आणि आकाशाकडे जायचे झोत गर्दीवर आले. तीसेक जणांची दृष्टी अधू झाली. आपल्याकडे 2023 च्या विसर्जन मिरवणुकांनंतर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे असे तरुण रुग्ण आले. 2024 च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी लेझर झोतांवर बंदीच घातली. मला ती रास्त वाटते. भर मिरवणुकीत ट्रकवर चढून मिलिवॅट मोजणार कोण?

उपचारांचे आकडे मात्र तोकडे आहेत. पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी येतो, तोही ‘मधोमध काळा ठिपका दिसतो’ म्हणत. मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाच्या, ऐन मध्यावर तो पाव मिलिमीटरहून जाड नसतो. पडद्याचे थर दाखवणाऱ्या ओसीटी स्कॅनमध्ये तिथली प्रकाशपेशींची सलग रेघ तुटलेली दिसते. पुष्कळ डॉक्टर स्टिरॉइड देतात, पण त्याने नजर परत येते याला ठोस पुरावा नाही. लहान जखमा काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, आपसूक सुधारतात. पडद्यासमोर रक्त साचले आणि ते थोडे असले तर विरते. जास्त असेल तर 1064 नॅनोमीटरच्या याग लेझरने पुढच्या पापुद्र्याला बारीक भोक पाडून ते खाली उतरवतात. इजा लेझरची, इलाजही लेझरचाच.

पडद्याला आरपार छिद्र पडले तर गाठ शस्त्रक्रियेशी. काही छिद्रे आपोआप बुजतात, म्हणून आधी थोडी वाट पाहतात. नाहीच बुजले तर व्हिट्रेक्टॉमी करून, म्हणजे डोळ्यातला जेलसारखा पदार्थ काढून, डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत राहतो, आणि तोवर विमानप्रवास वर्ज्य, कारण उंचीवर वायू फुगून डोळ्यातला दाब चढतो. पुढच्या स्कॅनमध्ये छिद्र बंद झालेले दिसले तरी तक्त्याची शेवटची ओळ वाचता येईलच असे नाही. जळालेल्या प्रकाशपेशी पुन्हा उगवत नाहीत.