गोल नळी आणि वांकडा दस्ता

आपल्या घरांतील लाटणें एकदां हातांत घेऊन न्याहाळा. मधें फुगीर, टोकांकडे निमुळतें, आणि कोठूनहि पाहिलें तरी गोल. कातारी लांकडाचा तुकडा दोन अणकुचीदार टोकांमध्यें धरून गरगर फिरवितो, आणि त्यास पटाशी टेकवून नको असलेला भाग काढून टाकतो. वस्तु फिरती व हत्यार धरलेलें, ही लेथ या यंत्राची सारी युक्ति त्या लाटण्यांत आलेली आहे.

आतां लांकडाच्या ऐवजीं लोखंडाची नळी घेऊं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या सरकारी कारखान्यांत होणाऱ्या बंदुकीची नळी सुमारें ४२ इंच लांब असे. मागील बाजूस, जेथें दारू पेटते, तेथें दाब अतिशय. म्हणून भिंत जाड हवी. तोंडाकडे दाब उतरत जातो. तेथेंहि तेवढेंच लोखंड ठेवणें म्हणजे शिपायाच्या खांद्यावर फुकटचें ओझें. नळीला निमुळता आकार द्यावयाचा तो यासाठीं, शोभेसाठीं नव्हे.

काम लाटण्यासारखें दिसतें, पण तसें नाहीं. लांब व बारीक वस्तु हत्याराच्या रेट्यानें मध्यभागीं वांकते. हत्यारापासून पळते म्हटलें तरी चालेल. परिणामीं टोकांशीं काप पुरता लागतो, मधें कमी, आणि नळीचें पोट जाडच राहतें. यावर उपाय म्हणजे हत्याराच्या समोरच्या अंगास, त्याच्याबरोबर सरकणारा आधार देणें आणि घाई न करतां पातळ काप घेणें. दुसरी अडचण अधिक गंभीर. आंतील पोकळी व बाहेरचा गोल यांचा मध्य एकच हवा. तो ढळला तर भिंत एका अंगाला जाड व दुसऱ्या अंगाला पातळ होते, आणि नळी फुटलीच तर ती त्या पातळ अंगानें, नेम धरणाऱ्याच्या तोंडाजवळ. म्हणून लेथचीं टोकें पोकळीच्याच दोन्ही मुखांत बसवितात. मग बाहेरचा आकार पोकळीच्या आंसाभोंवतींच उतरतो. अर्थात् पोकळीच वांकडी असेल तर सगळें व्यर्थ; ती आधीं सरळ करून घ्यावी लागते.

निमुळतेपणा आणण्याची साधी रीत घरच्या लहान लेथवर काम करणारे हौशी कारागीर आजहि वापरतात: मागचें टोक मध्यरेषेपासून किंचित् बाजूला सरकवावयाचें, म्हणजे हत्यार सरळ चाललें तरी वस्तु निमुळती होते.

लेथ येण्यापूर्वीं नळ्या मोठ्या दगडी चाकांवर घासून आकारास आणीत. दगडाची धूळ घासणाऱ्याच्या छातींत जाई, व कधीं चाकच फुटून उडे. मॅसॅच्युसेट्समधील मिलबरी गांवीं एसा वॉटर्स यानें १८१८ च्या सुमारास नळ्या लेथवर कातण्यास आरंभ केला, पण एक अडचण उरली. नळीचा मागचा कांहीं इंचांचा भाग पुरता गोल नसून दोन बाजूंनीं सपाट असे, आणि लेथ तर गोलच कातणार! तेवढा भाग हातानें घासावा लागे. वॉटर्सनें थॉमस ब्लँचर्ड या कल्पक कारागिरास बोलाविलें. ब्लँचर्डनें हत्यारालाच एका विषम आकाराच्या चाकाची जोड दिली. नळीच्या एका फेऱ्यांत हत्यार दोनदां आंत जाई, दोनदां बाहेर येई, आणि सपाट बाजूहि लेथवरच उतरूं लागल्या.

ही कीर्ति स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेंत पोंचली व यंत्र तेथें बसविण्यांत आलें. तें पाहावयास जमलेल्या कामगारांत धंदा बुडण्याची चर्चा चालली असतां, लांकडी दस्ते घडविणारा एकजण म्हणाला कीं, माझें काम कांहीं हा हिरावूं शकत नाहीं. दस्ता लेथवर कातून दाखवावा! अशी कथा सांगतात. त्याचें म्हणणें वावगें नव्हतें; दस्ता कोठेंहि नीट गोल नाहीं. पण ब्लँचर्डनें तें मनावर घेतलें. त्यानें एक तयार दस्ता नमुना म्हणून लावला. नमुना व लांकडाचा ठोकळा एकाच गतीनें फिरूं लागले. नमुन्यास टेकलेलें गुळगुळीत चाक जसजसें जवळ-दूर होई, तसतसें ठोकळ्यापाशीं असलेलें तेवढेंच, पण पात्यांचें चाक जवळ-दूर होई. १८१९ सालीं त्यानें या यंत्राचें पेटंट घेतलें. स्प्रिंगफील्ड येथें त्यास दर बंदुकीमागें ९ सेंट मिळत.

दगडी चाकावर घासण्याचें काम गेलें याबद्दल मला तरी वाईट वाटत नाहीं. दस्ता घडविणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या डोळ्यांत व बोटांत जें शहाणपण वर्षानुवर्षें सांठलें होतें, तें नमुन्यांत एकदांच उतरवून घेतलें, कीं दुसऱ्या दस्त्यासाठीं त्याच्याकडे जाण्याचें कारण उरत नाहीं.

पुढें १८५० नंतरच्या दशकांत इंग्रज अधिकारी स्प्रिंगफील्ड पाहून गेले, आणि अशीं दस्ते कातण्याचीं यंत्रें त्यांनीं अमेरिकेंतून विकत घेऊन एन्फील्डच्या कारखान्यांत बसविलीं. एन्फील्ड हें नांव १८५७ च्या काडतुसांमुळें आपल्या चांगलेंच परिचयाचें आहे. पण ब्लँचर्डच्या लेथचा खरा प्रसार बंदुकीबाहेर झाला. कुऱ्हाडीचे दांडे, गाडीच्या चाकाचे आरे, आणि चांभाराचें कलबूत, म्हणजे ज्यावर बूट शिवतात तो लांकडी पाऊल, हीं सारीं त्याच युक्तीनें कातलीं जाऊं लागलीं.