ओसरीवरचे डबे आणि जुवाचे खुंटाळे



आपल्या अंकात मी एरवी लिहितो ते बेणे, लागण, खतांच्या मात्रा नाहीतर हुमणी यांवर. या खेपेला घर सजवण्यावर लिहितोय म्हणून कोणी हसू नये. त्याला कारण घडले आहे आणि त्यात चूक माझी आहे.

गेल्या वर्षी एका गावच्या महिला मेळाव्यात मला दोन शब्द बोलायला सांगितले. ठिबकवर बोलून झाले तरी वेळ उरला. मग मी सांगितले की दिवाळीला पडदे, शोभेच्या वस्तू, कुंड्या यांवर उसाची उचल उडवू नका. गोठ्यात नि अडगळीत पडलेल्या मालातून निम्मे घर सजते. काहीही टाकू नका! टाळ्या पडल्या, मीही खूश होऊन घरी आलो.

पुढे काही महिन्यांनी त्याच गावात एका सभासदाच्या प्लॉटवर हुमणी बघायला गेलो आणि चहाला त्यांच्या घरी टेकलो. ओसरीवर पाच-सहा प्लास्टिकचे डबे रांगेने मांडलेले. वरून कापून, बाहेरून ऑईलपेंटची फुले काढून त्यांच्या कुंड्या केलेल्या. दिसायला झकास. वहिनी म्हणाल्या, "साहेब, तुम्ही सांगितलं तसंच केलंय बघा. पण ह्या तुळशीला काय झालंय? काहीतरी औषध सांगा की."

तुळशीची पाने अरुंद होऊन पिळवटली होती, शेंडा वाकला होता. हा पीळ मी कुठेही ओळखेन. डबा फिरवून पाहिला तर रंगाखालून लेबल दिसत होते, टू-फोर-डी. आपण उसात रुंद पानाच्या तणावर मारतो तेच. ऊस गवताच्या जातीचा म्हणून त्याला ते सोसते. तुळस, टोमॅटो, द्राक्ष, कापूस यांना त्याचा अंशही पुरतो. तुळशीला रोग नव्हताच, डबाच तिला मारत होता.

एवढ्यावर भागले असते तर मी हा लेख लिहिला नसता. स्वयंपाकघराच्या दारात तसाच एक डबा होता, कापलेला नव्हता, झाकणासकट. त्यावर फुले होती आणि फुलांच्या मधे लाल त्रिकोण. मी विचारले, "वहिनी, ह्यात काय ठेवलंय?" म्हणाल्या, "शेंगदाणे. कालच भरल्यात, पोरांसाठी लाडू करायच्यात." माझ्या हातातला चहा तसाच राहिला. कोणी खाल्ले नव्हते, हे नशीब. शेंगदाणे कोंबड्यांनाही न घालता विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरायला लावले. वहिनी चार-चारदा म्हणत होत्या, "तीनदा साबणानं धुतलावता साहेब." खरेच धुतला असणार. पण कीटकनाशक प्लास्टिकच्या अंगात मुरते, साबणाने ते पुरते निघत नाही.

तेव्हा माझे मेळाव्यातले वाक्य मी इथे दुरुस्त करून घेतो. टाकाऊ वस्तू घरात आणण्याआधी तिच्यात पूर्वी काय होते ते बघा. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण तेच सांगतो. लाल म्हणजे अति विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा मध्यम आणि हिरवा त्याहून कमी. हिरवा म्हणजे निर्धोक असा समज पुष्कळांचा आहे, तो चुकीचा. यातला कुठलाच डबा घरात, गोठ्यात किंवा कुंडी म्हणूनसुद्धा चालायचा नाही. औषध संपले की डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे, मग डब्याला भोके पाडून तो निकामी करावा. रिकामे डबे मोडून वस्तीपासून दूर पुरावेत असे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालचे १९७१ चे नियमही सांगतात. काहींच्या माळ्यावर हुमणीसाठी आणलेल्या फोरेटचे जुने पुडे अजून असतील. फोरेटवर २०२० अखेरपासून बंदी आहे. त्या पुड्यांना हात लावण्याआधी गट कार्यालयात या.

आता घरात आणण्याजोग्या मालाकडे वळू. तो पुष्कळ आहे.

वरचा मान वाकळेचा. आपल्याकडे वाकळ म्हणजे जुनेर, पाहुणे आले की कपाटाआड ढकलायची वस्तू, असे झाले आहे. त्याच वहिनींच्या घरात दिवाणावर सासूबाईंनी शिवलेली वाकळ होती. मधे लाल लुगड्याचा चौकोन, भोवती हिरव्या-निळ्या त्रिकोणांच्या ओळी, कडेला जुन्या काठांची पट्टी. बाजारातली कुठली चादर तिच्यापुढे टिकेल? मी त्यांना कृती विचारून घेतली ती अशी. लुगडी, धोतरे, जुनी पांघरुणे धुऊन कडक उन्हात वाळवायची. आतले थर सुतीच हवेत. टेरिकॉटच्या, नायलॉनच्या साड्या वरच्या बाजूला चालतात, टिकतातही, पण आत भरल्या तर घाम शोषत नाहीत, आणि चुलीजवळ ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतात. चार-पाच थर जमिनीवर सपाट अंथरून आधी लांब टाके घालून धरून ठेवायचे. मग कडेने धावदोरा सुरू करून एकेक फेरा आत घेत मध्यावर यायचे. दोरा ओढायचा नाही, नाहीतर वाकळ आखडते. "जाड वाकळ करून मिरवू नगा," त्या म्हणाल्या, "धुवायला दोन माणसं लागत्यात. त्यापेक्षा दोन पातळ करा." शिवायला डोळा नि वेळ लागतो. ज्यांना जमत नाही त्यांनी गावातल्या शिवणाऱ्या बाईला मजुरी देऊन करून घ्यावी, आणि मजुरीत घासाघीस करू नये.

लोड-तक्क्यांत चिंध्या नि जुना कापूस भरावा. कारखान्यावरचे चिपाड भरू म्हणून एकाने मला विचारले होते. फुकट मिळते हे खरे, पण चिपाड ओल धरते, त्याला बुरशी येते, आणि बुरसलेल्या बगॅसची धूळ श्वासाबरोबर आत गेली की फुप्फुसाचा विकार होतो. त्या विकाराला नावच बगॅसोसिस आहे. चिपाड बॉयलरलाच शोभते.

युरियाच्या पिशव्या प्रत्येकाच्या घरी ढिगाने आहेत. (५० किलोची पिशवी २०१८ पासून ४५ ची झाली, पण कापड तेवढेच येते!) न धुता वापरलेली पिशवी पावसाळ्यात सारखी ओलसर लागते, कारण शिल्लक राहिलेला युरिया हवेतले पाणी ओढतो. त्यासाठी पिशवी उलटी करून रात्रभर भिजत घालावी आणि ते पाणी झाडांना द्यावे. इथे एक गोष्ट नीट ऐका. ती बादली गोठ्यात ठेवू नका. युरियाचे पाणी प्यालेले जनावर घटकाभरात फुगून, थरथरून आडवे होते आणि पुष्कळदा हाती लागत नाही. पिशवीपायी दुभती म्हैस गेली तर कसली आली बचत! धुतलेल्या पिशव्या जोडून वाकळेखाली, जमिनीची ओल अडवायला पट्टी करावी. उन्हात मात्र टांगू नये, काही महिन्यांत तिचा भुगा होतो. धान्य भरायलाही ती नको.

पडद्याला नि पायपुसण्याला तागाचे पोते चांगले. कडेला साडीचा काठ लावला की ते पोते आहे हे सांगावे लागते.

ठिबकच्या जुन्या १६ मिलिमीटर नळ्या उभ्या चिरून टेबलाच्या, खिडकीच्या धारदार कडांवर बसवाव्यात, लहान मुलांच्या घरात तर नक्कीच. बादलीच्या तारेच्या कडीवरही तुकडा घालावा, हाताला रग लागत नाही.

जुने जू सरपणात घालू नका. ट्रॅक्टर आल्यापासून कित्येक गोठ्यांत ते उभे करून ठेवलेले दिसते. भिंतीला आडवे ठोकले की शिवळांच्या जागी पागोटे, पिशवी, छत्री अडकवायला आयते खुंटाळे होते. लाकूड घासून त्याला जवसाचे तेल द्यावे. जळके ऑईल घरात नको, त्याचा वास जात नाही आणि ते अंगालाही वाईट. तेल पुसलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना तापते, तसे बोळे आपोआप पेट घेतात. फडके बाहेर पसरून वाळवावे.

द्राक्षबागवाल्यांकडे बोर्डोसाठी आणलेला कळीचा चुना उरतो. रात्री भिजवून, गाळून, थोडा डिंक घालून त्याने भिंती पांढऱ्या कराव्यात. चुना विरताना उकळतो, तेव्हा मुलांना लांब ठेवा. मोरचूद पडलेली बादली वापरू नका.

आणि शोभेला उसाचा तुरा. शेतात तुरा दिसला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण त्या उसाची वाढ तिथेच थांबली आणि तोडणी लांबली तर आत पोकळ पडणार. पण मडक्यात रुपेरी तुऱ्यांची जुडी उभी केली तर बैठकीला शोभा येते, हे मान्य करायला हवे. पूर्ण फुलायच्या आत तोडा, नाहीतर घरभर म्हातारी उडते. पाचटाची तोरणे करायलाही माझी हरकत नाही, मूठभर पाचट घ्या. बाकीचे शेतात राहू द्या, पेटवू नका.

परवा त्या घरी पुन्हा गेलो होतो. डबे गेलेत. वहिनींनी फुटक्या रांजणाच्या बुडात नवी माती घालून दुसरी तुळस लावली आहे आणि रांजणाच्या कडेवर तीच फुले काढली आहेत. पाने सरळ आहेत. मला बघून सभासद म्हणाले, "साहेब, आता आत येऊन फडताळं बी तपासा." मीही तपासली.