मुक्या प्राण्याची फिर्याद

माणसाला कोणी मारले, तर तो पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद देतो. मुक्या प्राण्याने काय करावे? त्याला त्रास देणारा पुष्कळदा त्याचा मालकच असतो.

राज्यसभेच्या सदस्या व प्रसिद्ध नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी या मुक्या जीवांसाठी संसदेत विधेयक मांडले होते. पुढे १९६० साली सरकारने 'प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा' केला.

समजा, माजिवड्यातील एखाद्या गच्चीवर एक कुत्रा आखूड साखळीने दिवसभर उन्हात बांधलेला आहे. जवळ पाण्याचे भांडेही नाही. मालक म्हणतो, "कुत्रा माझा आहे, तुम्हांला काय करायचे?" कायद्याला हे उत्तर चालत नाही. प्राण्याला मारणे हा जसा गुन्हा आहे, तसाच पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हाही गुन्हा आहे.

अशा वेळी पोलीस काय करू शकतात? कायद्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणे, गुन्हा घडत आहे असे मानण्यास कारण असेल, तर पोलीस अधिकारी प्राणी ताब्यात घेऊ शकतो. न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबले, तर प्राणी जगेलच असे नाही. मात्र या अधिकाराला मर्यादा आहेत. तो अधिकारी शिपायाहून वरच्या दर्जाचा असावा लागतो. प्राणी तपासणीसाठी जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे न्यावा लागतो. संशय आला म्हणून मालक दोषी ठरत नाही. दोष न्यायालयच ठरवते.

या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ५० रुपये दंड ठेवला होता. एवढ्या दंडाला आज कोण भिणार? परंतु प्राण्याला ठार मारले किंवा अपंग केले, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ठाण्यातील पाळीव प्राण्यांच्या एका दवाखान्यात कर्मचारी कुत्र्याला मारत असल्याची चित्रफीत लोकांनी पाहिली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. कुत्रा बोलू शकत नव्हता. त्याच्या वतीने माणसे बोलली.

विद्यार्थी मित्रांनो, असे काही दिसले, तर मालकाशी भांडू नका. घरातील मोठ्या माणसांना सांगा, त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात जा किंवा ११२ या क्रमांकावर कळवा. कायदा पुस्तकात असतो. पाहणाऱ्याने तोंड उघडले, तरच तो प्राण्यापर्यंत पोहोचतो.