मुकादमाची वही आणि मनुष्यबळ व्यवस्थापनाचे पुस्तक



आजचा विषय आहे मनुष्यबळ व्यवस्थापनाची मूलतत्त्वे. बी.कॉम., बी.बी.ए., एम.बी.ए. करणाऱ्या मुलामुलींना हा विषय पहिल्या-दुसऱ्या सत्रातच भेटतो. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले, मग या विषयात आमचे काय काम, असे कुणी विचारेल. तत्त्वज्ञानाला एक जुनी खोड आहे. कुणी एखादा शब्द सहज वापरला की ते विचारते, बाबा रे, याचा अर्थ काय? ‘मनुष्यबळ’ या शब्दाबद्दल आज आपण तेवढेच करणार आहोत. आणि ते तलवाड्यात बसून करणार आहोत. ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, त्वरिता देवीचे हे गाव बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात आहे. दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातली गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात, आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत येतात.

आधी पुस्तक काय म्हणते ते पाहू. कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा, प्रकरणे साधारण सारखीच असतात. किती माणसे लागतील याचे नियोजन. मग भरती आणि निवड. मग प्रशिक्षण, कामाचे मूल्यमापन, वेतन, कल्याण, आणि शेवटी तक्रार निवारण. परीक्षेत यावरच प्रश्न येतात. मुले व्याख्या पाठ करतात, आकृत्या काढतात, आणि हे सगळे पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारतींत चालते असे समजतात.

आता आपल्या मुकादमाकडे बघा. हंगामात कोणत्या कारखान्याला किती कोयते लागतील, हे तो महिनोन्महिने आधी ठरवतो. हे झाले नियोजन. पावसाळ्यात घरात पैसा नसतो, तेव्हा तो उचल देतो. ही भरती. कोण दमाचा, कोण मध्येच पळून जाईल, हे तो ओळखतो. ही निवड. नव्या जोडप्याला जुन्या टोळीत घालतो, म्हणजे ते बघून बघून शिकते. हे प्रशिक्षण. किती टन तोडला, याचा हिशेब त्याच्या वहीत असतो, म्हणजे मूल्यमापनही झाले. पुस्तकातली बहुतेक प्रकरणे त्या वहीत सापडतात. मग विद्यापीठाचे पुस्तक आणि मुकादमाची वही यांत फरक काय राहिला?

याचे उत्तर शोधायला थोडे मागे जाऊ. परदेशातल्या इतिहासात दोन नावे हमखास शिकवली जातात. १९११ साली ज्याचे वैज्ञानिक व्यवस्थापनावरचे पुस्तक आले तो फ्रेडरिक टेलर, हातात घड्याळ घेऊन कामाचे तुकडे मोजणारा. आणि एल्टन मेयो, ज्याचे नाव शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या १९२४ ते १९३२ या काळातल्या प्रयोगांशी जोडले गेले. कामगाराला मन असते, त्याचे ऐकावे लागते, असे त्याचे सांगणे. ठीक आहे. पण आपल्याकडचा इतिहास वेगळ्या दाराने आत येतो, आणि त्या दारात मुकादमच उभा आहे.

मुंबईच्या कापडगिरण्यांत जॉबर नावाचा माणूस असे. गावाकडून माणसे तोच आणायचा, कामावर तोच लावायचा, कामावरून तोच काढायचा. अडीअडचणीला उसने पैसेही त्याच्याकडूनच मिळायचे, आणि नोकरी टिकवायची तर त्याला दस्तुरी द्यावी लागे. १९२९ साली कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमले गेले. आपले ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते. १९३१ च्या अहवालात कमिशनने स्पष्ट शिफारस केली की माणसे घेण्या-काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढावा आणि त्यासाठी वेगळा कामगार अधिकारी नेमावा. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. त्यानंतर पर्सोनेल मॅनेजर आला, आणि १९७० च्या दशकात उदय पारीक व टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने लार्सन अँड टुब्रोत मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला.

हा धागा लक्षात घ्या. आपल्या देशात या विद्येची एक मोठी मुळी मुकादमाला पर्याय शोधण्यात आहे. म्हणून तिचे पहिले मूलतत्त्व आम्ही असे सांगू: जो कामावर घेतो, जो कर्ज देतो, जो दंड करतो आणि ज्याच्याकडे तक्रार करायची, ही चारही माणसे एकच असू नयेत. बाकीची प्रकरणे यानंतरची. वही आणि पुस्तक यांतला फरक नेमका हा आहे. वहीत ही चारही कामे एकाच हाताने लिहिली जातात.

गंमत बघा, साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत कायम कामगार आहे. त्याचा हजेरीपट आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे, रजा आहे. ज्या उसावर हा कारखाना चालतो, तो तोडणारा मात्र फाटकाबाहेर, कोपीत. त्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. कारखान्याचा करार वाहतूक ठेकेदाराशी किंवा मुकादमाशी, आणि मुकादमाचा कोयत्याशी. मालक कोण, असे विचारले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पण जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा बोलणी साखर कारखान्यांच्या संघाबरोबरच झाली ना? मग विद्यार्थ्याने साधा प्रश्न विचारावा. दर ज्याच्याशी बोलून ठरतो, तो मालक नाही तर कोण?

आता ‘कोयता’ या शब्दाकडे या. कोयता म्हणजे हत्यार, हे सगळ्यांना माहीत. पण या धंद्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. उचल जोडीची, आणि ती बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. ती बाई पहाटे उठून भाकरी करते, दिवसभर फडात वाकते, मोळ्या डोक्यावर वाहते. पण तिच्या नावाचा स्वतंत्र हिशेब वहीत नसतो. काम न झालेल्या दिवसाला खाडा म्हणतात, आणि खाड्याचा दंड लागतो. पाळी असो, ताप असो, खाडा तो खाडाच.

याचा शेवट कुठे होतो? २०१९ साली शासनाने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणाचे आकडे आले. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे दर सहा बायकांत एक. प्रत्येकीचे कारण वेगळे असेल, त्यात दवाखान्यांचा वाटा असेल, भीतीचा असेल. पण खाड्याचा धाक त्या कारणांत होता, हे त्या बायकांनीच सांगितले आहे. व्यवस्थापनाच्या पुस्तकात ‘गैरहजेरी’ नावाचे एक प्रकरण असते. ते शिकवताना हा आकडा फळ्यावर लिहिला पाहिजे.

इमॅन्युएल कान्ट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, तो स्वतः साध्यही आहे. ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा. आपण सगळेच एकमेकांचे साधन होतो. शिंपी आमचे साधन, आम्ही विद्यार्थ्यांचे. त्यात वावगे काही नाही. पण ज्याचा वापर होतो त्याला नाही म्हणता आले पाहिजे, आणि नाही म्हटल्यावर त्याची चूल बंद पडता कामा नये. उचल फिटेपर्यंत ज्याला जाता येत नाही, त्याच्यापाशी हे ‘नाही’ शिल्लक नसते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या मुळाशी हीच चिंता आहे.

आमच्या मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत आज ऊसतोड कामगारांची मुलेमुली हा विषय शिकत आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच. व्याख्या पाठ करा, गुण मिळवा, ते लागतेच. पण एकदा पुस्तकातले प्रत्येक प्रकरण आपल्या आईबापाच्या हंगामावर लावून बघा. भरती कोणी केली? करार कुठे लिहिला? आईचा हिशेब वेगळा होता का? आजारी पडली तेव्हा तक्रार कोणाकडे गेली? जिथे उत्तर सापडणार नाही, तिथे तुमचा अभ्यास खरा सुरू होईल. उद्या तुमच्यातलाच कुणी एखाद्या कारखान्यात अधिकारी म्हणून खुर्चीत बसेल. त्याने निदान एवढे करावे, कोयत्याच्या रकान्यात दोन नावे लिहावीत.

एवढे बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.