एकाच घराचे चार पत्ते

शहादा तालुक्यातलं ब्राह्मणपुरी हे गाव गेल्या ऐंशी वर्षांत जागचं हललेलं नाही. सरकारी कागदांवर मात्र त्याने बराच प्रवास केला आहे. दुसऱ्या महायुद्धात इथून कुणी फौजेत गेला असता, तर त्याच्या भरतीच्या कागदावर मुंबई प्रांत, जिल्हा पश्चिम खानदेश असं आलं असतं. १९५५ साली गेला असता तर मुंबई राज्य. १९६५च्या युद्धाआधी गेलेल्याच्या कागदावर महाराष्ट्र, जिल्हा धुळे, आणि तेही इंग्रजीत 'धुलिया'. पुढे १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा निघाला. घर तेच, ओटा तोच, पत्ते चार.

फौजेचा कागद असा असतो की माणूस भरती झाला त्या दिवशी जे लिहिलं गेलं ते तिथेच गोठतं. मागाहून जिल्हा बदलतो, आडनावाचं स्पेलिंग बदलतं, आधार कार्ड येतं, बँकेचं खातं येतं. तो पहिला कागद बदलत नाही, कुणी मुद्दाम बदलायला लावल्याशिवाय. माजी सैनिकांच्या अडचणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दिल्लीतलं एखादं मोठं प्रकरण येतं. प्रत्यक्षात बहुतेक घोळ एका अक्षराचा असतो.

या गावाचंच नाव घ्या. लिहिताना 'ह' आधी, 'म' नंतर. बोलताना आपण नेमकं उलटं करतो, ब्राम्हण म्हणतो. इंग्रजीत लिहिणारा कारकून बोललेलं ऐकून लिहिणार की पाहून, त्यावर 'एच' हे अक्षर 'एम'च्या अलीकडे पडणार की पलीकडे ते ठरतं. त्यात चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी नावाचं तालुक्याचं गाव. परप्रांतातल्या छावणीत बसलेल्या लिपिकाला सातपुड्याच्या पायथ्याचं गाव आणि वैनगंगेच्या खोऱ्यातलं गाव यांत फरक कळावा, अशी अपेक्षा करणंही थोडं जास्तच.

जन्मतारखेचंही तसंच. १ जूनला जन्मलेल्यांची संख्या महाराष्ट्रात एवढी का, हे कुणाही निवृत्त गुरुजींना विचारा. पोराला शाळेत आणून बसवलं की गुरुजी अंदाजाने वर्ष धरायचे आणि शाळा सुरू होण्याच्या सोयीची तारीख टाकायचे. तीच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, तीच फौजेत. पण ज्याच्याकडे दाखलाच नव्हता त्याचं वय भरतीच्या वेळी डॉक्टरने बघून लिहिलं, आणि चाळीस वर्षांनी आधार काढताना घरच्यांनी तिसरंच सांगितलं.

सगळ्यात बिकट गोष्ट बायकोच्या नावाची. आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत होती. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं आणि माहेरचं नाव माहेरी ठेवून यायचं. जवान सुट्टीवर येऊन लग्न करून जायचा. पलटणीत परतल्यावर त्याने बायकोचं जे नाव सांगितलं ते 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये छापलं गेलं. लग्न, मुलाचा जन्म, मृत्यू अशी घरची प्रत्येक घडामोड तिथे नोंदली जाते आणि तिथून ती सैनिकाच्या कायमच्या कागदावर चढते. आता समजा, त्याने सवयीने माहेरचं नाव सांगितलं. रेशनकार्डावर, मतदार यादीत, आधारवर सासरचं नाव. नवरा आहे तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. तो गेल्यावर म्हातारी हयातीचा दाखला घेऊन जाते, आणि कागद म्हणतो की पेन्शन जिला द्यायची ती बाई वेगळीच आहे.

यात पैशाचा प्रश्न किती, हे घरच्यांनाही अनेकदा ठाऊक नसतं. सहाव्या वेतन आयोगापासून निवृत्तिवेतन आणि कुटुंब निवृत्तिवेतन, दोन्हीत वयाची ऐंशी वर्षं पूर्ण झाली की मूळ रकमेवर २० टक्के वाढ मिळते. पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला पूर्ण दुप्पट. पण विधवेची जन्मतारीख पेन्शनच्या आदेशावर, म्हणजे 'पीपीओ'वर, लागलेलीच नसेल तर ती ऐंशीची झाली हे यंत्रणेला कळणार कसं? गावाला तिचं वय माहीत असतं, नातवंडांना माहीत असतं. हिशेब करणाऱ्याला नसतं.

दुरुस्तीची वाट तशी सरळ आहे, फक्त लांब आहे. पहिली पायरी नंदुरबारचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथून अर्ज जातो त्या त्या दलाच्या रेकॉर्ड ऑफिसला. इथे पहिली गफलत होते: फौजेचं रेकॉर्ड ऑफिस एक नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नलवाल्यांचं जबलपूरला, ईएमईचं, म्हणजे यंत्रदुरुस्तीवाल्यांचं, सिकंदराबादला. चुकीच्या दारात टाकलेला अर्ज महिनोन्महिने फिरत राहतो. सोबत डिस्चार्ज बुकची प्रत, पीपीओ, ग्रामपंचायतीचा दाखला, आणि 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं दंडाधिकाऱ्यापुढे केलेलं प्रतिज्ञापत्र. नाव खरोखरच बदलायचं असेल तर वर्तमानपत्रात जाहिरात आणि राजपत्र. रेकॉर्ड ऑफिसने मान्य केलं की नवी पार्ट टू ऑर्डर निघते, मग प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयातून सुधारित पीपीओ. त्याला सगळे 'करिजेंडम' म्हणतात. संरक्षण खात्याची 'स्पर्श' ही संगणकीय प्रणाली आल्यापासून जुने पीपीओ त्यात चढले. माझं मत विचाराल तर स्पर्शने नव्या चुका फार केल्या नाहीत. झाकलेल्या जुन्या चुका उघड्या पाडल्या. पूर्वी बँकेतला माणूस ओळखीचा होता, तो एका अक्षराकडे काणाडोळा करायचा. संगणक करत नाही.

आता पदकांकडे येऊ. गावात एक समज घट्ट आहे: पदक म्हणजे शौर्याचं, आणि ते कुणीतरी वरून द्यायचं. शौर्यपदकाबाबत ते खरं आहे. परमवीरचक्र, वीरचक्र यांसाठी त्या वेळच्या कमांडिंग ऑफिसरची शिफारस लागते, आणि पन्नास वर्षांनी ती कुठून आणणार? पण फौजेत दुसरी मोठी जात आहे, सेवेच्या आणि मोहिमेच्या पदकांची. तिथे पराक्रम विचारत नाहीत. तुम्ही कुठे होता आणि केव्हा होता, एवढंच विचारतात. ५ ऑगस्ट १९६५ ते २५ जानेवारी १९६६ या काळात युद्धक्षेत्रात असलेल्याला समर सेवा स्टार. १९७१ला पूर्व आघाडीवर असलेल्याला पूर्वी स्टार, पश्चिमेला पश्चिमी स्टार, आणि ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या दरम्यान ठरलेल्या सीमावर्ती राज्यांत सेवा केलेल्याला संग्राम मेडल. शिवाय नऊ, वीस, तीस वर्षांच्या सेवेची पदकं. ही मागायला लाज वाटायचं कारण नाही. पदक जाहीर होईपर्यंत, तयार होईपर्यंत जवान पेन्शनवर घरी आलेला असायचा, आणि डबी पलटणीतच राहायची. डिस्चार्ज बुकात नोंद आहे आणि छातीवर पदक नाही, अशी गत असेल तर ते सन्मान मागणं नव्हे, राहिलेलं सामान मागणं आहे.

तिसरा प्रकार याहून वेगळा: नोंद शाबूत, पण मान नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे त्याचं ठळक उदाहरण. ईएमईचा हा जवान १९६५च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाला आणि कमरेखालचं बळ गमावून बसला. उपचारातला एक भाग म्हणून पोहायला लागला, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेऊन आला. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. ही वेळ कुणी पुसली नव्हती, ती कागदावर होतीच. तरीही पद्मश्री आली २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. आणि अर्जुन पुरस्काराचा जीवनगौरव जानेवारी २०२५मध्ये, त्यांच्यावर सिनेमा येऊन गेल्यावर. सिनेमा आधी, अर्जुन नंतर!

कधी कधी नोंदच मुद्दाम वाकडी केलेली असते, आणि तिथे हुद्दाही वाचवत नाही. कारगिलच्या लढाईत बटालिक भागात ७० इन्फंट्री ब्रिगेडचं नेतृत्व करणारे ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या कामगिरीचं वर्णन वरिष्ठांच्या अहवालात कमी करून लिहिलं गेलं होतं. दहा वर्षं लढल्यावर, मे २०१० मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाने तो अहवाल पूर्वग्रहाने लिहिल्याचं मानलं आणि नोंद दुरुस्त करायला सांगितलं. हे न्यायाधिकरण २००७च्या कायद्याने जन्मलं, २००९ला सुरू झालं. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. त्याआधी जवानाला उच्च न्यायालयाखेरीज दार नव्हतं.

अमेरिकेत हा प्रश्न त्यांनी वेगळ्या पद्धतीने सोडवला. एकेका सैनिकाची नोंद सुधारायला तिथे संसदेत एकेक विधेयक यायचं. खासदार कंटाळले, आणि १९४६च्या कायद्याने ते काम नागरी सदस्यांच्या मंडळांकडे सोपवलं. आजही तिथला माजी सैनिक एक ठरावीक अर्ज भरून थेट मंडळाकडे जातो. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत, पण योग्य कारण असेल तर मंडळ मुदत माफ करतं. आपल्याकडे असं स्वतंत्र मंडळ नाही. ज्याने नोंद केली त्याच्याकडेच पहिली दाद, नाहीतर सरळ न्यायाधिकरण. मधली पायरी असती तर कितीतरी म्हाताऱ्यांचा वकिलाचा खर्च वाचला असता.

अर्थात त्यांच्याकडेही कागद जळतात. १२ जुलै १९७३ला सेंट लुईसच्या दफ्तरखान्याला आग लागली आणि १ कोटी ६० लाखांहून अधिक सैनिकांच्या फायली गेल्या. आपल्याकडे आग लागावी लागत नाही. पेन्शन न मिळालेल्या जवानाची फाइल साधारण २५ वर्षांनी नियमानेच नष्ट करतात. उरते ती 'लाँग रोल' नावाच्या जाड वहीतली एक ओळ. पेन्शनला १५ वर्षांची सेवा लागते. एखाद्याची काही महिन्यांची सेवा मोजायची राहिली, त्याने तीस वर्षांनी दाद मागितली, तर दोन्ही पक्ष त्या एका ओळीकडे बघत बसतात.

न्यायालयांनी दोन गोष्टी मात्र सैनिकाच्या बाजूने स्पष्ट केल्या आहेत. तरसेम सिंग प्रकरणात, २००८ साली, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पेन्शनचा अन्याय दर महिन्याला नव्याने घडतो. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण मागची थकबाकी अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळेल. म्हणजे 'बघू दिवाळीनंतर' म्हणण्याची किंमत मोजता येते: एक वर्ष थांबलात तर एका वर्षाचे पैसे गेले. दुसरा निकाल धरमवीर सिंग यांचा, २०१३चा. भरतीच्या वेळी वैद्यकीय नोंदीत आजार लिहिलेला नसेल, तर पुढे जडलेला आजार नोकरीमुळेच जडला असं धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायचं काम सरकारचं. इथे कोरी जागा सैनिकाच्या कामाला आली.

कोरी जागा नेहमी अशी कामाची नसते. पहिल्या महायुद्धात पुणे डिव्हिजनमधून १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या, कूटच्या वेढ्यात अडकल्या, एप्रिल १९१६ला शरण गेल्या. त्या मोहिमेत ज्यांना कबरही मिळाली नाही अशांसाठी बसऱ्याला स्मारक उभारलं. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली; हिंदी शिपायांच्या बाबतीत अधिकाऱ्यांची नावं, आणि बाकीच्यांचा पलटणीवार फक्त आकडा. २०२१ साली युद्धस्मारकांचं काम पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानेच अहवाल काढून या भेदभावाची कबुली दिली. कोकणातल्या, देशावरच्या घरांतून गेलेल्या माणसांचं नाव दगडावर नाही, त्याचं स्पेलिंग काय दुरुस्त करणार?

त्या मानाने आपल्या हातात बरंच आहे. या दिवाळीत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवाल तेव्हा डिस्चार्ज बुक सापडेलच असं नाही. वाळवीचं आणि त्या कागदाचं जुनं नातं आहे. पण एखादं पदक निघेल, रंग उडालेल्या फितीसकट. त्याच्या तोंडाकडे बघू नका, कडेकडे बघा. फौजेच्या गोल पदकाच्या कडेवर सहसा सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि दल ठोकलेलं असतं. भिंग घ्या, चिंच लावून पुसू नका, फक्त कोरड्या फडक्याने धूळ काढा. नाव चुकीचं निघालं तरी हरकत नाही. रेकॉर्ड ऑफिस नावाने शोधत नाही, नंबराने शोधतं, आणि त्या नंबरात 'एच' आधी की 'एम' आधी हा प्रश्न येत नाही.